लुई ब्रेल

लुई ब्रेल (४ जानेवारी १८०९ – ६ जानेवारी १८५२) हे फ्रेंच शिक्षक, संगीतकार आणि अंध व्यक्तींसाठीच्या ठिपक्यांच्या लिपीचे जनक होते. बालपणी दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमावलेल्या ब्रेल यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांवर आधारलेली स्पर्शलिपी सिद्ध केली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही लिपी आज मराठीसह जगातील अनेक भाषांमध्ये वापरली जाते. ज्या संस्थेत ही लिपी जन्माला आली, त्याच संस्थेने ती अधिकृतपणे स्वीकारण्यास तीस वर्षे लावली आणि तोवर ब्रेल हयात नव्हते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये अंध माणसापुढे जगण्याचे मार्ग मोजकेच होते. श्रीमंत घरात जन्मलेल्यास घरी शिक्षक मिळे. बाकीच्यांच्या वाट्याला बहुधा भीक येई. पॅरिसमध्ये राजा नववा लुई याने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी ‘कॅंझ-व्हँ’ हा आश्रम स्थापन केला होता. तेथे निवारा व अन्न मिळे, पण शिक्षणाची कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत काही अंध माणसांना विचित्र पोशाख आणि पुठ्ठ्याचे चष्मे घालून वाद्ये वाजवायला बसवले होते व लोक त्यांना हसत होते. हे दृश्य पाहून व्यथित झालेल्या व्हॅलेंतिन आयुई या भाषातज्ज्ञाने अंधांना शिकवण्याचा निश्चय केला. चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रांस्वा लेस्युअर हा तरुण त्यांचा पहिला विद्यार्थी. आयुई यांनी १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा सुरू केली. ही जगातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते.

ओल्या जाड कागदावर मोठी रोमन अक्षरे दाबून उठवायची आणि विद्यार्थ्याने ती बोटांनी चाचपून वाचायची, अशी आयुई यांची पद्धत होती. अंध माणूस वाचू शकतो, हे तिने प्रथमच सिद्ध केले, आणि आयुई यांचे हे श्रेय मोठे आहे. मात्र ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. एकेका अक्षराची वळणे बोटाने शोधताना वाक्याचा आरंभ विसरला जाई. पुस्तके अवजड व महाग होत, त्यामुळे त्यांची संख्या अगदी थोडी राही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे या पद्धतीने विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नसे.

जन्म व बालपण

लुई यांचा जन्म पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कूव्रे या खेड्यात झाला. वडील सिमाँ-रने ब्रेल हे जीनगर होते. घोड्यांची खोगिरे, लगाम व इतर साज ते घरालगतच्या कामठ्यात तयार करीत. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई धाकटे.

वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या जागी खेळत असताना कातडे भोसकण्याचे टोकदार हत्यार लुईच्या डोळ्यात घुसले. जंतुसंसर्ग म्हणजे काय हे त्या काळी वैद्यकालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे उपचार निष्फळ ठरले. जखमी डोळ्याचा दाह दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईला पूर्ण अंधत्व आले. पुढे ब्रेल यांनी ठिपके उठवण्यासाठी अशाच टोकदार साधनाचा उपयोग केला, हा योगायोग अनेक चरित्रकारांना मोहवतो. त्याहून अधिक अर्थ त्यात शोधण्याचे कारण नाही.

याच काळात नेपोलियनच्या पाडावानंतर परकीय फौजा कूव्रेत तळ देऊन होत्या व गावकऱ्यांना घरोघरी सैनिकांची सोय करावी लागे. अशा ओढग्रस्तीतही ब्रेल कुटुंबाने अंध मुलाला कोपऱ्यात बसवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली, कामात हाताशी घेतले आणि लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार शिकवले. गावचे धर्मगुरू झाक पाल्यी यांनी त्याला प्राथमिक धडे दिले आणि शिक्षक आंत्वान बेशरे यांनी गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसवून घेतले. ऐकून लक्षात ठेवण्याच्या बळावर लुई वर्गात पुढे राहू लागला; पण वाचन-लेखनाची वेळ आली की त्याला नुसते बसून राहावे लागे. गावच्या जमीनदाराच्या शिफारशीने पॅरिसच्या संस्थेत प्रवेश व शिष्यवृत्ती मिळाली आणि १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई वडिलांसोबत पॅरिसला आला.

पॅरिसची संस्था

राजकीय अंध युवक संस्था त्या वेळी सँ-व्हिक्तोर रस्त्यावरील एका जुन्या धार्मिक विद्यालयाच्या इमारतीत होती. क्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, याच इमारतीत कैदेत ठेवलेल्या धर्मगुरूंची कत्तल झाली होती. इमारत अंधारी व अतिशय दमट होती. अंधारी असणे मुलांना जाणवण्याचे कारण नव्हते, पण ओलाव्याने त्यांची प्रकृती खालावे. संचालक सेबास्तियाँ गीये यांची शिस्त कडक होती. क्षुल्लक चुकीबद्दल मुलांना कोंडून ठेवण्याची व केवळ पाव-पाण्यावर ठेवण्याची शिक्षा होई. मुले विणकाम, चपला तयार करणे अशी कामे करीत. लुईही चपलांच्या कामात तरबेज झाला व त्या कामाचा मुकादम झाला.

१८२१ मध्ये गीये यांना पद सोडावे लागले आणि अलेक्सांद्र-रने पिन्ये हे संचालक झाले. पिन्ये मनाने मृदू होते. गीये यांच्या काळात संस्थेपासून दूर ठेवल्या गेलेल्या वृद्ध आयुई यांना त्यांनी त्याच वर्षी सन्मानाने शाळेत बोलावले. मुलांना शहरात फिरायला नेण्याची प्रथाही त्यांनी सुरू केली.

बार्बिये यांची ठिपक्यांची पद्धत

त्याच वर्षी, १८२१ मध्ये, तोफखान्यातील माजी अधिकारी शार्ल बार्बिये यांची लेखनपद्धती संस्थेपुढे आली. तिला ‘रात्रलेखन’ असेही म्हटले जाई. बार्बिये यांनी फ्रेंच भाषेतील छत्तीस ध्वनी सहा ओळी व सहा स्तंभांच्या कोष्टकात बसवले होते. ध्वनीची ओळ पहिल्या उभ्या रांगेतील ठिपक्यांच्या संख्येने व स्तंभ दुसऱ्या रांगेतील संख्येने दाखवला जाई. एका ध्वनीसाठी बारापर्यंत ठिपके लागत.

मुलांना ही पद्धत आवडली. बोटाला रेषेपेक्षा ठिपका लवकर कळतो हे त्यांनी अनुभवले आणि प्रथमच काहीतरी लिहून ते पुन्हा वाचणे त्यांना शक्य झाले. परंतु दोष लवकरच दिसू लागले. बारा ठिपक्यांची आकृती बोटाच्या टोकाखाली मावत नसे. बोट वर-खाली फिरवून ठिपके मोजावे लागत. लेखन ध्वनीनुसार असल्याने शब्दाचे शुद्धलेखन शिकता येत नव्हते. विरामचिन्हे, अंक व संगीताची चिन्हे यांना जागाच नव्हती. बार्बिये यांचा हेतू चांगला होता; अशिक्षित व अंध लोकांना झटपट लिहिता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. संस्थेतील मुलांना मात्र डोळस विद्यार्थ्याला मिळते ते सारे हवे होते.

सहा ठिपक्यांची लिपी

लुईने या पद्धतीवर तीन वर्षे काम केले. दिवसा वर्ग व कारखान्याचे काम असल्याने रात्री व सुटीत कूव्रेच्या घरी तो कागदावर ठिपके उठवून पाही. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याच्या लिपीचा मूळ आराखडा तयार झाला.

त्याने ठिपक्यांची संख्या बारावरून सहावर आणली. दोन उभ्या रांगा व प्रत्येकीत तीन ठिपके अशी ही चौकट बोटाच्या टोकाखाली पूर्ण मावते, त्यामुळे बोट एका जागी टेकताच अक्षर ओळखू येते आणि हात सरळ पुढे सरकत राहतो. सहा ठिपक्यांपासून त्रेसष्ट वेगवेगळ्या आकृती होतात. त्यांत वर्णमाला, स्वरचिन्हांकित फ्रेंच अक्षरे, अंक, विरामचिन्हे व संगीताची लिपी यांची सोय झाली. रचनाही स्मरणात राहण्यासारखी होती. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांतून तयार होतात. पुढच्या दहांना डावीकडचा खालचा ठिपका जोडला जातो. त्यापुढच्या अक्षरांना खालचे दोन्ही ठिपके. अंकांसाठी वेगळी चिन्हे न योजता पहिल्या दहा अक्षरांपुढे अंकचिन्ह लावले की काम भागते. फ्रेंचमध्ये त्या काळी ‘डब्ल्यू’ हे अक्षर वापरात नसल्याने ते मूळ क्रमात नव्हते आणि ते मागाहून घालण्यात आले. म्हणूनच इंग्रजी ब्रेल शिकणाऱ्याला हे एक अक्षर ओळीबाहेरचे वाटते.

लेखन पाटी व टोकदार लेखणीने होते. ठिपके कागदाच्या मागून उठवायचे असल्याने उजवीकडून डावीकडे लिहावे लागते. कागद उलटला की वाचन डावीकडून उजवीकडे.

१८२९ मध्ये शब्द, संगीत व धर्मगीते ठिपक्यांनी लिहिण्याची पद्धत सांगणारे ब्रेल यांचे पुस्तक संस्थेने काढले. नवी लिपी वाचणारे अजून कोणी नसल्याने ते आयुई यांच्या उठावाच्या रोमन अक्षरांत छापावे लागले. त्यात ब्रेल यांनी बार्बिये यांचे ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर लहान आडव्या रेघाही होत्या. त्या बोटाला नीट कळत नाहीत असे आढळल्यावर १८३७ च्या सुधारित आवृत्तीत वगळण्यात आल्या. त्याच वर्षी फ्रान्सच्या इतिहासाचे एक संक्षिप्त पुस्तक या लिपीत तयार झाले.

अध्यापन व संगीत

शिक्षण पूर्ण होताच ब्रेल संस्थेतच मदतनीस शिक्षक झाले व १८३३ मध्ये त्यांना पूर्ण शिक्षकाचा दर्जा मिळाला. व्याकरण, भूगोल, इतिहास, अंकगणित, बीजगणित व संगीत असे अनेक विषय ते शिकवीत. अंकगणितावर त्यांनी छोटे पुस्तकही लिहिले. ऑर्गनवादनात त्यांचे नाव झाले होते. पॅरिसमधील सँ-निकोला-दे-शाँ व पुढे सँ-व्हँसाँ-द-पोल या चर्चमध्ये त्यांनी ऑर्गनवादक म्हणून काम केले. चर्चमधील वादन हा त्या काळी अंध तरुणांना प्रतिष्ठेने पोट भरण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग होता. ब्रेल यांनी संगीतलिपीवर इतके कष्ट का घेतले, याचे उत्तर यात आहे.

सुमारे १८३५ पासून त्यांना क्षयरोगाने ग्रासले. शाळेच्या दमट इमारतीचा त्यात वाटा असावा, असे बहुतेक चरित्रकार मानतात. १८३८ मध्ये कवी व लोकप्रतिनिधी लामार्तीन यांनी फ्रेंच संसदेत या इमारतीच्या दुरवस्थेबद्दल भाषण केले, तेव्हा कोठे नव्या इमारतीसाठी पैसा मंजूर झाला.

१८३९ मध्ये ब्रेल यांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांची लिपी डोळस माणसाला वाचता येत नसे, त्यामुळे अंध मुलाला घरी पत्र पाठवायचे तर दुसऱ्याचा हात लागे. ब्रेल यांनी ठिपक्यांतूनच नेहमीच्या रोमन अक्षरांचे आकार काढण्याची रीत बसवली, तीत अक्षराची उंची दहा ठिपक्यांची होती. ते काम संथ व किचकट होते. संस्थेचे माजी विद्यार्थी व स्वतः अंध असलेले पिएर फूको यांनी ब्रेल यांच्या सहकार्याने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्र तयार केले. टंकलेखन यंत्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते. हा शोध आज विस्मरणात गेला आहे. वास्तविक पंधराव्या वर्षी घरापासून दूर राहून आईला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिता न येणे काय असते, हे ब्रेल यांनी अनुभवलेले होते.

विरोध

पिन्ये यांनी ब्रेल यांच्या लिपीला मुभा दिली होती, परंतु शासनाने मान्य केलेली पद्धत उठावाच्या अक्षरांचीच होती. १८४० मध्ये पिन्ये यांना हटवून त्यांचे सहायक पिएर-आर्मां द्युफो संचालक झाले. द्युफो यांनी स्कॉटलंडमध्ये प्रचलित असलेल्या सुबक रोमन उठाव-अक्षरांचा पुरस्कार केला, जुनी पुस्तके मोडीत काढली आणि ठिपक्यांच्या लिपीला मनाई केली.

या विरोधामागील कारणे समजून घेण्याजोगी आहेत. अंधांची लिपी डोळसांहून वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील, असे त्या काळच्या अनेक सुशिक्षितांना प्रामाणिकपणे वाटे. डोळस शिक्षकांना नवी लिपी शिकण्याचे कष्ट नको होते. काहींना या लिपीमुळे अंध शिक्षकांनी आपल्या जागा घेतल्या तर काय, अशीही धास्ती असावी. डोळ्यांना सुबक दिसणारी अक्षरे बोटांनाही सोयीची असतील, हे मात्र सर्वांनी गृहीत धरले होते. ज्यांची बोटे होती त्यांचे मत विचारले गेले नाही.

मुलांनी ठिपके सोडले नाहीत. ती चोरून टिपणे काढीत, एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत आणि मोठी मुले लहानांना लिपी शिकवीत. हे सहायक संचालक झोझेफ ग्वादे यांच्या लक्षात आले. बंदी मोडली जात आहे याचा अर्थ लिपी उपयोगाची आहे, असे त्यांनी ओळखले व द्युफो यांचे मन वळवले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी बुलव्हार दे-झँव्हालिद येथील नव्या इमारतीच्या उद्घाटन समारंभात लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. सांगितलेला मजकूर एका विद्यार्थ्याने ठिपक्यांत लिहिला आणि तो ऐकला नव्हता अशा दुसऱ्याने घडाघडा वाचून दाखवला. संगीताच्या बाबतीतही तसेच करण्यात आले. ग्वादे यांनी या लिपीचा इतिहास सांगणारी पुस्तिका त्या प्रसंगी सादर केली. द्युफो यांचा विरोध त्यानंतर मावळला.

अखेरचा काळ

आजार बळावत गेल्याने ब्रेल यांचे अध्यापन कमी होत गेले. शेवटी ते काही संगीताचे धडेच देत. डिसेंबर १८५१ मध्ये त्यांना मोठा रक्तस्राव झाला आणि ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस झाल्यावर दोन दिवसांनी, संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी या मृत्यूची दखल घेतली नाही. १० जानेवारीस कूव्रेच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.

ब्रेल अविवाहित होते. त्यांचे स्नेही व सहशिक्षक इपोलित कोल्ता यांनी त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ब्रेल यांच्या वस्तूंत एक लहान पेटी होती व ती न उघडता जाळावी अशी सूचना होती. स्नेह्यांना कुतूहल आवरले नाही. पेटीत विद्यार्थ्यांनी वेळोवेळी घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या मग ब्रेल यांच्या इच्छेप्रमाणे जाळून टाकण्यात आल्या.

लिपीचा प्रसार

फ्रान्समध्ये १८५४ मध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. त्याच वर्षी पॅरिसच्या संस्थेत शिकलेल्या एका अंध तरुणाच्या प्रयत्नांमुळे ब्राझीलमध्ये अंधशाळा सुरू होऊन लिपी दक्षिण अमेरिकेत पोहोचली. इंग्लंडमध्ये डॉ. थॉमस आर्मिटेज यांनी १८६८ मध्ये संस्था काढली. कोणती लिपी चांगली हे फक्त स्पर्शाने वाचणाऱ्यांनीच ठरवावे, असा तिचा दंडक होता आणि अंध सदस्यांनी ब्रेलच्या बाजूने कौल दिला. १८७८ च्या पॅरिस परिषदेत लिपीला आंतरराष्ट्रीय पाठिंबा मिळाला.

अमेरिकेत मात्र वेगवेगळ्या शाळांनी वेगवेगळ्या ठिपका-लिप्या धरून ठेवल्या. एका लिपीत शिकलेल्यास दुसऱ्या लिपीतील पुस्तक निरुपयोगी ठरे. हेलन केलर यांना यामुळे अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. हा वाद १९३२ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी एक समान लिपी स्वीकारल्यावर मिटला.

भारतात व महाराष्ट्रात

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा सुरू केली. ती आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा सुरू झाली. त्या काळात भारतीय भाषांसाठी अनेक ब्रेल लिप्या निरनिराळ्या प्रांतांत चालत आणि अमेरिकेत झाला तोच घोटाळा येथेही होता. भारत सरकारच्या विनंतीवरून युनेस्कोने हा प्रश्न हाती घेतला आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली.

भारती ब्रेलमध्ये शक्य तेथे ध्वनिसाम्य राखले आहे. मराठी ‘क’, ‘म’, ‘ल’ यांना अनुक्रमे इंग्रजी ‘के’, ‘एम’, ‘एल’ यांचेच ठिपके आहेत. काने, मात्रा, वेलांट्या अक्षराच्या वर-खाली देता येत नसल्याने त्या अक्षरानंतर स्वतंत्र चौकटीत येतात. छापील देवनागरीत ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती ‘क’च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने वाचली जाते. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये छापण्याचे मोठे काम केले.

ब्रेल पुस्तके तरीही अपुरी आहेत. ती आकाराने मोठी होतात. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक खंड होतात व शाळा सुरू होऊनही ते हाती न येण्याची तक्रार जुनी आहे. ध्वनिफिती व संगणकावरील वाचक प्रणाली यांमुळे ब्रेलचा वापर कमी होत असल्याची चिंता शिक्षणतज्ज्ञ व्यक्त करतात, कारण केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे व विरामचिन्हे कळत नाहीत. बार्बिये यांच्या ध्वनिलेखनाबद्दलही हाच आक्षेप होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात संवादाच्या साधनांमध्ये ब्रेलचा स्पष्ट उल्लेख आहे.

सन्मान

२००९ मध्ये द्विजन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने ब्रेल यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार २०१९ पासून ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. ९९६९ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव आहे. कूव्रे येथील त्यांचे जन्मघर संग्रहालय म्हणून जपले आहे.

मृत्यूच्या शताब्दीला, २२ जून १९५२ रोजी, ब्रेल यांचे अवशेष कूव्रेहून पॅरिसमधील पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात समारंभपूर्वक हलवण्यात आले. गावकऱ्यांच्या आग्रहावरून त्यांच्या हातांच्या अस्थी मात्र कूव्रेतच, मूळ थडग्यावरील एका छोट्या कलशात ठेवलेल्या आहेत.